काम आटलं की आधी काय करायचं आणि नंतर काय: चित्रकार, शिल्पकार आणि क्युरेटर यांच्यासाठी

अडचणीत आलेले जेवढे कलाकार मी जवळून बघितलेत त्यातल्या बहुतेकांनी पहिल्याच पंधरवड्यात तीन गोष्टी केल्या. किंमती पाडल्या, सगळ्यात चांगलं काम मिळेल त्या भावात विकलं आणि समोर येईल त्या प्रोजेक्टला लेखी काहीही न घेता हो म्हटलं. क्युरेटर लोकांचं, म्हणजे प्रदर्शनाची कल्पना आखून त्यासाठी कामं निवडणाऱ्यांचं, थोडं वेगळं असतं, त्यांच्याकडे विकायला वस्तूच नसते, म्हणून ते फुकटात लेख लिहून देतात, फुकटात यादी करून देतात आणि पुढे कधीतरी मानधन मिळेल म्हणून वाट बघत बसतात. विकणं किंवा हो म्हणणं यात काही चूक नाहीये, पण ते पाचव्या नंबरचं काम आहे आणि आपण ते पहिल्यांदा करून बसतो. म्हणून खाली जे टप्पे दिलेत ते त्याच क्रमाने घ्या. मधला एखादा उडवलात तर पुढचा अर्धाच होतो.

आधी ही तयारी: मागच्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पाठवलेली सगळी बिलं, गॅलऱ्यांना आणि संस्थांना पाठवलेले ईमेल, आणि एक रिकामी वही किंवा स्प्रेडशीट. दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा.

टप्पा १: किती महिने हातात आहेत ते मोजा

नुसतं "पैसे कमी आहेत" म्हणून काही ठरवता येत नाही, आकडा लागतो. खर्चाचे तीन ढीग करा. पहिला घर चालवायचा, दुसरा स्टुडिओ किंवा ऑफिसचा, तिसरा साहित्य, फ्रेमिंग, प्रवास, सॉफ्टवेअर वगैरे. मग हातातली रक्कम भागिले पहिल्या दोन ढिगांची महिन्याची बेरीज. समजा हातात ९० आहेत आणि महिन्याला १५ जातात, तर ६ महिने आहेत. तिसरा ढीग मुद्दाम बाहेर ठेवलाय कारण तो कमी-जास्त करता येतो, पहिले दोन सहसा येत नाहीत.

आता येणं. इथेच सगळ्यांचा घोळ होतो. येणाऱ्या पैशांचेही तीन रकाने करा: सही झालेलं किंवा बिल पाठवलेलं, तोंडी ठरलेलं, आणि नुसती आशा. हिशोबात फक्त पहिला रकाना धरायचा आणि तोसुद्धा दोन महिने उशिराने येईल असं समजून. तोंडी ठरलेलं काम हिशोबात धरलं की सहा महिन्यांचे नऊ होतात आणि आपण निवांत बसतो, मग ते काम पुढे ढकललं की एकदम दोनच महिने उरलेले असतात.

⚠ आकडा ३ महिन्यांच्या खाली असेल तर टप्पा २ चा फोटो आणि यादी एवढाच भाग उरकून घ्या, आणि त्याच आठवड्यात नियमित पगाराचं किंवा तासावारी काम शोधायला लागा. शिकवणं, प्रदर्शनाची मांडणी लावायला जाणं, भाषांतर, संपादन, कलेशी अजिबात संबंध नसलेलं काम, काहीही चालेल. यात कलाकार म्हणून कमीपणा नाही. भाड्याच्या धास्तीने चित्र विकणं मात्र खरंच महागात पडतं, कारण समोरच्याला ती धास्ती दिसते आणि भाव तिथेच ठरतो.

टप्पा २: कामांची यादी, फोटो आणि साठवण

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या एका चित्रकार मित्राने वाईट दिवसांत तीन मोठे कॅनव्हास विकले, विकले ते ठीकच, पण एकाचाही नीट फोटो काढला नव्हता आणि घेणाऱ्याचा पत्ताही लिहून ठेवला नव्हता. काही वर्षांनी त्याच्या कामावर मोठं प्रदर्शन करायचं ठरलं तेव्हा नेमकी ती तीन कामं नव्हती आणि त्यांची छापण्याजोगी प्रतिमाही नव्हती. हे नुकसान नंतर कशानेच भरून येत नाही.

प्रत्येक कामाला नंबर द्या, उदाहरणार्थ २०२३-०१४, म्हणजे त्या वर्षातलं चौदावं. त्यापुढे नाव, वर्ष, माध्यम, माप (आधी उंची, मग रुंदी, मग खोली, सेंटीमीटरमध्ये), एडिशन (म्हणजे ठरलेल्या संख्येतच काढलेल्या प्रती) असेल तर कितव्या नंबरची प्रत, आत्ता कुठे आहे, किंमत, आणि अवस्था कशी आहे. मागच्या बाजूला तोच नंबर पेन्सिलने फ्रेमच्या लाकडावर लिहा. कॅनव्हासच्या मागे मार्कर वापरू नका, शाई आरपार येऊ शकते.

फोटो काढताना काम भिंतीवर सरळ लावा, कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर, आणि दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशात. समोरून, मागून, सहीचा आणि एखाद-दोन तपशिलाचे फोटो घ्या. पहिल्या फोटोत बाजूला ग्रे कार्ड (ठरलेल्या राखाडी रंगाचं कार्ड) धरलं की रंग नंतर जुळवता येतात. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा आणि पाठवायला लांब बाजू २००० पिक्सेल असलेली छोटी जेपेग वेगळी करा. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी.

क्युरेटर असाल तर तुमची यादी वेगळी: आतापर्यंत केलेल्या प्रत्येक प्रदर्शनाची कामांची यादी, मांडणीचे फोटो आणि ते कोणी काढले, तुमचे लेख आणि त्यांचे हक्क कोणाकडे आहेत, कामं उसनी देणाऱ्यांचे संपर्क, अर्धवट राहिलेलं संशोधन. हे तुमचं भांडवल आहे. मांडणीच्या फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे असू शकतो आणि फोटोत दिसणाऱ्या कामाचा कलाकाराकडे, म्हणून लेखी परवानग्या आत्ताच, ओळख ताजी असताना मागून ठेवा.

स्टुडिओ सोडावा लागणार असेल तर साठवणीची घाई करू नका. कामं जमिनीपासून किमान १० सेंटीमीटर वर, बाहेरच्या भिंतीला टेकवून नाही, आणि वरून पाण्याचा पाइप जात नाही ना ते बघून. कॅनव्हास उभे ठेवा, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, मध्ये पुठ्ठा. कागदावरची कामं आडवी, आम्लरहित फोल्डरमध्ये. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती सारखी वर-खाली होऊ नये, आणि ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशीचा धोका सुरू होतो. स्वस्तातलं आर्द्रतामापक एक ठेवाच. कागद आणि कापडावरची कामं भिंतीवर असतील तर त्यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश नको, ऑइलला २०० पर्यंत चालतं.

⚠ बबल रॅप रंगाच्या थराला थेट लावू नका. ॲक्रिलिकचा थर वाळला तरी उष्णतेत मऊ होतो आणि त्यावर फुग्यांचे गोल ठसे उमटतात.

तपासा: कोणी आत्ता फोन करून "मधल्या आकाराची, कागदावरची, आत्ता उपलब्ध असलेली कामं पाठवा" म्हणालं तर तुम्ही दहा मिनिटांत पाठवू शकता का? नसाल तर हा टप्पा अजून संपलेला नाही.

टप्पा ३: कागदपत्रं

आता यादीत "आत्ता कुठे आहे" हा रकाना बघा. जी कामं दुसऱ्याकडे आहेत त्या प्रत्येकाचा कागद आहे का? गॅलरीकडे काम विक्रीसाठी ठेवलंय म्हणजे ते कन्साइनमेंटवर आहे, मालकी तुमचीच. पण गॅलरी बुडाली आणि तुमच्याकडे सही केलेला कागद नसेल तर ते काम गॅलरीच्या मालमत्तेत मोजलं जाऊन देणेकऱ्यांच्या भांडणात अडकू शकतं. न्यूयॉर्क राज्यात असं काम आणि त्याच्या विक्रीचे पैसे गॅलरीने विश्वस्त म्हणून सांभाळायचे असा कायदाच आहे, सगळीकडे तसं संरक्षण मिळत नाही. म्हणून कागद करून घ्या आणि त्यात एवढं हवंच: कामांची नंबरासकट यादी, किती महिन्यांसाठी, कमिशन किती (निम्मं सर्रास असतं), विक्रीचे पैसे आल्यावर किती दिवसांत तुम्हाला, सूट दिली तर ती कोणाच्या वाट्यातून, विमा आणि वाहतूक कोणाची, आणि काम परत कसं मिळणार.

किंमतीत सूट देण्याचा मुद्दा लोक सोडून देतात. १०० चं काम ९० ला गेलं आणि सूट निम्मी-निम्मी ठरली असेल तर तुम्हाला ४५ मिळतात. काहीच ठरलं नसेल तर गॅलरी आपले ५० काढून तुमच्या हातावर ४० ठेवू शकते. एका ओळीचा फरक आहे हा.

क्युरेटरसाठी मानधनाचे हप्ते ही सगळ्यात मोठी गोष्ट. माझ्या एका करारात "पूर्ण मानधन उद्घाटनानंतर" एवढंच लिहिलं होतं. मी वर्षभर काम केलं, यादी, लेख, भिंतीवरचा मजकूर, सगळं देऊन झालं आणि उद्घाटनाला अकरा दिवस असताना प्रदर्शन रद्द झालं. संस्थेने कराराप्रमाणे हात वर केले आणि मला एक पैसाही मिळाला नाही. आज मी हप्ते कामाला बांधते: सही झाली की एक तृतीयांश, कामांची यादी आणि आराखडा दिला की एक तृतीयांश, मजकूर दिला की उरलेलं. उद्घाटनाला काहीच बांधलेलं नसतं. २०२० मध्ये आर्ट बासेलचा मार्चमधला हाँगकाँगचा कलाविक्रीचा मेळा रद्द झाला, दर दोन वर्षांनी भरणारं व्हेनिसचं मोठं प्रदर्शन, कला बिएनाले, २०२१ वरून २०२२ वर गेलं. एवढ्या मोठ्यांच्या तारखा हलतात तर आपल्या हलणारच, आणि हललेल्या तारखेची झळ फक्त आपल्यालाच का बसावी.

करारात आणखी दोन वाक्यं घाला. एक, रद्द झालं तर तोपर्यंत झालेल्या कामाचे पैसे दिले जातील. दोन, पुढे ढकललं तर नव्या तारखेसाठी जे जादा काम पडेल त्याचं वेगळं मानधन. आपत्तीच्या कलमात सहसा दोन्ही बाजू जबाबदारीतून मोकळ्या होतात, तिथेच हे पहिलं वाक्य नसेल तर तुम्ही अडकता.

टप्पा ४: फोन आणि ईमेल, या क्रमाने

आधी तुमचं येणं बाकी असलेले लोक. मग भाडं आणि हप्ते घेणारे, त्यांना चुकण्याच्या आधी सांगायचं, नंतर नाही. मग गॅलरी. आणि सगळ्यात शेवटी जुने खरेदीदार. आपण नेमकं उलटं करतो, बाकीचे पैसे मागायला लाज वाटते म्हणून जुन्या खरेदीदाराला आधी फोन लावतो.

थकलेल्या बिलासाठी लांबलचक लिहू नका, स्वतःची परिस्थिती सांगत बसू नका. एवढं पुरतं: "नमस्कार. अमुक तारखेला पाठवलेलं अमुक नंबरचं बिल अजून बाकी आहे. बिल परत जोडलंय. पैसे कोणत्या तारखेला जमा होतील तेवढं कळवाल का?" तारीख विचारायची. "लवकरात लवकर" असं लिहिलंत तर उत्तरही तसंच येतं. दहा दिवसांनी हाच मेल परत, त्यानंतर फोन.

टप्पा ५: आता विका, पण किंमत न पाडता

किंमत एकदा उतरवली की वर न्यायला वर्षं जातात, शिवाय ज्यांनी आधी पूर्ण किंमत दिली त्यांना फसल्यासारखं वाटतं. म्हणून आहे त्या किंमती तशाच ठेवा आणि खाली एक नवी पायरी करा. छोटी ड्रॉइंग्ज, कागदावरची कामं, प्रिंट्स.

छोट्या कामाची किंमत अंदाजाने लावू नका. बरेच चित्रकार उंची आणि रुंदीची बेरीज करून तिला एका ठरलेल्या आकड्याने गुणतात. ६० बाय ८० चं काम १४० होतं, ३० बाय ४० चं ७०, म्हणजे निम्मी किंमत. क्षेत्रफळाने लावलीत तर छोटं काम एकदम चौथाईवर येतं आणि मोठं अवाच्या सवा होतं. कागद आणि कॅनव्हाससाठी गुणक वेगळा ठेवा, पण एकाच प्रकारात सगळ्यांना तोच.

एडिशन काढणार असाल तर आकडा आधी जाहीर करा, प्रत्येक प्रतीवर तिचा नंबर ३/२० (विसातली तिसरी) असा लिहा, कलाकाराच्या स्वतःच्या प्रती साधारण एक दशांश असतात त्याही नोंदवा. एडिशन संपली की संपली. मागणी आली म्हणून तोच प्रिंट थोड्या वेगळ्या मापात परत काढला की आधीच्या वीस जणांचा विश्वास जातो, आणि हे लोक एकमेकांना सांगतात.

हप्त्याने विकायला हरकत नाही, हप्ते आणि तारखा लेखी ठेवा, शेवटचा हप्ता येईपर्यंत मालकी तुमची असं लिहा आणि जमलं तर कामही तुमच्याकडेच ठेवा.

⚠ गॅलरीत एक किंमत आणि स्टुडिओत कमी किंमत असं कधीही नको. गॅलरीला कळतंच.

⚠ तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची चार-पाच कामं वेगळी काढा आणि यादीत त्यांच्यापुढे "विक्रीसाठी नाही" असं लिहून टाका. हे शांत डोक्याने आधी ठरवायचं, खरेदीदार समोर बसलेला असताना जमत नाही.

प्रतिमा वापरायला देणं हाही चांगला मार्ग आहे, पुस्तकाचं मुखपृष्ठ, पोस्टर वगैरे. पण चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं नसतं आणि प्रतिमा वापरायला दिली म्हणजे कायमची दिली असंही नसतं. कशासाठी, कुठे, किती वर्षं, किती प्रती, एवढ्या चार गोष्टी लिहून घ्या.

आपसात मिळून विकायची एक पद्धत मला फार आवडते. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये मॅथ्यू बरोज या चित्रकाराने 'आर्टिस्ट सपोर्ट प्लेज' सुरू केलं. कलाकाराने २०० पौंडांपर्यंतची कामं इन्स्टाग्रामवर टाकायची, आणि विक्री १००० पौंडांवर गेली की त्यातले २०० दुसऱ्या कलाकाराचं काम घ्यायला वापरायचे. पंधरा-वीस जणांचा गट असेल तर स्वतःचे आकडे ठरवून तुम्हीही हे करू शकता. फक्त वरची मर्यादा सगळ्यांनी पाळायची, नाहीतर पहिल्याच महिन्यात कुरबुरी सुरू होतात.

टप्पा ६: मदतनिधी आणि अनुदान

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, कारण लोक आधी अर्ज लिहितात आणि नंतर अटी वाचतात. कोण पात्र नाही आणि कशासाठी पैसे देत नाहीत, हे दोन परिच्छेद आधी वाचा. पोलॉक-क्रास्नर फाउंडेशन १९८५ पासून आहे, जगभरातल्या कलाकारांना देतं, पण चित्र, शिल्प, प्रिंट आणि कागदावरचं काम करणाऱ्यांना, फोटोग्राफर किंवा फिल्म करणाऱ्यांना नाही, आणि जुनं कर्ज फेडायला तर नाहीच. अडॉल्फ अँड एस्थर गॉटलीब फाउंडेशनची तातडीची मदत आग, पूर, आजारपण अशा अचानक कोसळलेल्या संकटासाठी असते आणि किमान १० वर्षं परिपक्व काम झालेलं लागतं. नुसतं काम मिळत नाहीये हे कारण तिथे चालत नाही. फाउंडेशन फॉर कंटेम्पररी आर्ट्सचा तातडीचा निधी अमेरिकेत राहून काम करणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे तीन निधी, तिघांच्या अटी वेगळ्या आणि आपण मात्र एकच अर्ज कॉपी-पेस्ट करून तिघांना पाठवतो.

गरजेबद्दल लिहिताना टप्पा १ चे आकडे वापरा. "परिस्थिती फार बिकट आहे" यापेक्षा "स्टुडिओचं चार महिन्यांचं भाडं बाकी आहे, सही झालेलं एक काम पुढच्या वर्षावर गेलं" हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. दहा प्रतिमा मागितल्या असतील तर एकाच मालिकेतल्या किंवा एकमेकांशी बोलणाऱ्या दहा निवडा. सगळं येतं हे दाखवायला दहा तऱ्हेच्या पाठवल्यात तर परीक्षकाला तुमचं काम नेमकं काय आहे तेच कळत नाही. आणि निकालाला महिने लागतात, त्यामुळे हे पैसे टप्पा १ च्या तिसऱ्याच रकान्यात.

टप्पा ७: काम बारीक करा, बंद करू नका

आठवड्यातल्या दोन ठरलेल्या बैठका, प्रत्येकी तीन तास, त्यात अर्ज नाही, फोन नाही, बिलं नाहीत. मोठा कॅनव्हास परवडत नसेल तर छोटा कागद. सहा महिने हात थांबला की परत सुरू करताना किती जड जातं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना माहितीये.

क्युरेटरने खर्च कुठे जातो ते बघावं. वाहतूक, क्रेट (कामं पाठवायचे लाकडी खोके) आणि विमा हे तीन काढले की बऱ्याच प्रदर्शनांचं बजेट खूप खाली येतं. क्युरेटर हान्स उलरिख ओब्रिस्टचं 'डू इट' हे प्रदर्शन १९९३ पासून चालू आहे, त्यात कलाकार फक्त लेखी सूचना देतात आणि प्रदर्शन जिथे असेल तिथली माणसं त्यावरून काम घडवतात. काही पाठवावंच लागत नाही. पोस्टाने पाठवता येईल एवढ्या आकाराची कामं, फाइल पाठवून तिथेच छापून घेतलेल्या प्रती, एकाच खोलीत एकच काम, असे बरेच मार्ग निघतात.

⚠ बजेट कापताना कलाकारांचं मानधन सगळ्यात आधी कापलं जातं. ते शेवटी कापा. न्यूयॉर्कची वेज (W.A.G.E.) ही कार्यकर्त्यांची संघटना २००८ पासून याच मुद्द्यावर काम करते आणि संस्थेच्या वार्षिक खर्चावरून कलाकाराचं किमान मानधन काढायची त्यांची पद्धत आहे. ती बघून घ्या, वाटाघाटीला बसताना हातात काहीतरी आधार असतो.

टप्पा ८: दर चार आठवड्यांनी

महिन्याचा एक दिवस ठरवा आणि तासभर बसा. महिन्यांचा आकडा परत काढा. कुठलं बिल थकलंय, कुठलं काम कुठल्या गॅलरीत मुदत संपूनही पडून आहे, कोणाला मेल करायचा राहिलाय. यादीतल्या नव्या कामांचे फोटो झाले का. आकडा सलग दोन महिने खाली जात असेल तर टप्पा १ मधल्या पगारी कामाचे तास वाढवा, आणि सलग तीन महिने वर जात असेल तर ते तास कमी करून बैठका दोनच्या तीन करा. पुढच्या महिन्याची तारीख त्याच वेळी कॅलेंडरमध्ये टाकून मगच उठा.